नवरीची गाडी आणि मागची सीट

१ मे
ठरलं. पूर्वीला लग्नाच्या हॉलवर माझ्याच गाडीतून नेणार. दादाची मुलगी. ती चालायला लागली तेव्हाच सांगून ठेवलं होतं, तुझ्या लग्नात गाडी काका चालवणार. लग्न ११ तारखेला. वडपे गावचा माझा साडू मनोज म्हणाला, माझा टेम्पो सजवून आणतो. मी हसलो. माझ्या गाडीला क्रीम कलरच्या लेदर सीट आहेत. अख्ख्या दापोड्यात कुणाकडे नाहीत.

२ मे
सासुरवाडीहून खेकड्याचं कालवण आणलं. बायको कमळा म्हणाली होती डबा पायाशी धरते. मी मागच्या सीटवर ठेवला. पायाशी हलतो. पुढे स्पीड ब्रेकर आला, तोही चुकीच्या जागी. डाग किरकोळ आहे. भाकरीएवढा. उद्या काढतो.

३ मे
टूथपेस्ट. व्हिडिओतला माणूस हसत हसत घासतो. मीही हसत घासलं. डाग आहे, पण पुदिन्याचा वास येतो. सुरुवात चांगली.

४ मे, दुपार
लिंबू आणि खायचा सोडा. फेस काय आला! कमळाला बोलावून दाखवला. ती म्हणाली, धुवायच्या सेंटरला द्या. तिला समजावलं, परका हात लागला की लेदर रुसतं. डाग आता परातीएवढा. पण पसरला म्हणजे पातळ झाला. साधं गणित.

५ मे
सीटला विश्रांती. मलाही.

६ मे
नेलपॉलिश रिमूव्हर. डाग झटक्यात अर्धा उतरला. सोबत क्रीम कलरही उतरला. खाली राखाडी निघालं. पूर्वी विचारत आली, माझी रिमूव्हरची बाटली कुणी बघितली का. घरात वस्तू जागेवर ठेवायची शिस्तच नाही, असं म्हणालो.

७ मे
बुटाचं पॉलिश. क्रीम मिळालं नाही, टॅन आणलं. लांबून झकास दिसतं. लांबून म्हणजे गेटपासून. टेस्ट म्हणून बसून बघितलं, पांढरा लेंगा घालून. कमळाने लेंगा बघितला आणि विचारलं, पूर्वीचा शालू कुठल्या रंगाचा आहे माहीत आहे ना.
मोतिया.

८ मे
पॉलिश धुवायला पाइप लावला. जोरात. मनोजचा फोन, टेम्पो रिकामाच आहे म्हणे. सांगितलं, तू पाहुण्यासारखा ये.

१० मे, हळद
सीट दाबली की पाणी वर येतं. कमळाचा हेअर ड्रायर घेतला. छान वाळत होती. तेवढ्यात मांडवात बेंजो सुरू झाला, मी ड्रायर तसाच सीटवर ठेवून नाचायला गेलो. पुतणीची हळद आहे, नाचणार नाही तर काय. भोक पडलंय. लहान आहे. वर झेंडूची चादर टाकणार. आयडिया एक नंबर. पूर्वीला हळद लावताना डोळे भरून आले. धूर गेला असेल.

११ मे, सकाळ
चादर टाकली. गाडी नवरीपेक्षा देखणी. पूर्वी आली, दार उघडलं, फुलांवर हात टेकला. हात वर घेतला तर तपकिरी. ओला. दादा माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघत राहिला.
कमळा म्हणाली, "पोरीचा शालू हाय तो. हिच्यात न्हाय बसवायची."
मनोज टेम्पो घेऊन गेटवरच उभा होता. सजवलेला. माणसाला विश्वास म्हणून नाहीच.
मी म्हणालो, टेम्पो तरी मी चालवतो. पूर्वी हसायला लागली ती थांबेना. मुंडावळ्या हलत होत्या. मला वाटलं, झालं काम.
"काका, तुम्ही मागून या," ती म्हणाली. "बर्फ घेऊन."
सरबताचा बर्फ राहिला होता. बाकीच्या गाड्या भरलेल्या, आणि माझी सीट नाहीतरी ओलीच. लाद्या गोणपाटात गुंडाळून मागे ठेवल्या. पूर्णा गावातल्या हॉलपर्यंत टेम्पोत ढोलकी, पोरींचा धिंगाणा. पूर्वी खिडकीतून सारखी वळून हात करत होती. मलाच. बर्फाला कोण हात करतं?

११ मे, रात्र
पाठवणी झाली. जाताना ती गळ्यात पडून रडली, मग माझ्या शर्टाला येणारा बुटाच्या पॉलिशचा वास हुंगला आणि परत हसली.
घरी येऊन सीट बघितली. गोणपाटाचा रंग उतरलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी तपकिरी. टॉर्च मारून शोधलं, कालवणाचा डाग कुठेच दिसत नाही.
म्हणजे निघाला.