हनुवटीवरलं गोंदण

रविवार, संध्याकाळ

औरादच्या बाजारात काढलेला आईचा फोटो आठवडाभर मोबाईलवर एडिट केला. मागची गर्दी धूसर केली, हनुवटीवरलं गोंदण मात्र मुद्दाम ठळक ठेवलं. फ्रेम करायला बसवराजकडं दिला. आज भिंतीवर फोटो लागलाय, गोंदण गायब! दोस्त म्हणं! फोटोतले डाग पुसायला मीच शिकवलं त्याला.

फोनवर भांडलो, तर म्हणतो, "मावशीच म्हणल्या, पूस म्हणून."

आईच? आईला विचारलं, "कामून?"

तांदूळ निवडत, मान वर न करता म्हणाली, "अंगावरलं मेल्यावर बी संगं येतंय. फोटोत तरी नको."

म्हणजे ते गोंदण तिला कधी आवडलंच न्हाई. हे तिनं बसवराजला सांगितलं. मला न्हाई.