बारा जावई

मुरबाड, ४ मार्च २०२४

प्रिय हर्षितदादास,
ख्रिस्तात सलाम वि. वि.

तुझ्या स्मरणशक्तीवर माझा भरवसा नसल्याने घडले ते क्रमाने लिहिते. प्रथम, प्रभूच्या शेवटच्या रात्रीचे अ‍ॅनिमेशन मी रेखाटले आणि तुझ्या चर्चच्या समितीने चित्र न् चित्र तपासून मंजूर केले. त्यानंतर शनिवारी डोळखांबच्या पाड्यावर, जनाबाईंच्या खळ्यात चादर बांधून आपण ते दाखवले. प्रभू परात घेऊन पाटावरच्या शिष्यांचे पाय धुऊ लागताच बायका हसल्या. लग्नात मुलीचा बाप पाटावर बसलेल्या जावयाचे पाय धुतो, एवढेच त्यांच्या पाहण्यातले. जनाबाईंनी मोठ्याने विचारले की बारा जावई, म्हणजे पोरी तरी किती. आणि पोरगी द्यायची नसेल तर हा देतोय तरी काय. शेवटी, तू लॅपटॉप मिटलास, घाईने प्रार्थना केलीस आणि चहा मागवलास.

आता ऐकते की ते दृश्य कापायचे ठरले आहे. मी ते कापू देणार नाही. जनाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्याच दृश्यात, क्रुसावर होते. तू उत्तराआधीच उठलास. पेत्र या शिष्यानेही आधी पाय धुऊ देण्यास नकार दिला होता. म्हणून काही प्रभूने परात बाजूला ठेवली नाही.

आईच्या गुडघ्याला तेल लावतोस ना? माझा लोभ आहेच. तो टिकवणे तुझ्या हातात.

तुझी,
माधुरी

शहापूर, ९ मार्च २०२४

प्रिय माधुरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. मुरबाडहून शहापूरला पोस्टाने भांडणारी तू एकटीच उरली असशील. आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, पोरगी भांडतेय म्हणजे प्रकृती ठीक आहे.

समितीचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परदेशात हेच दृश्य पाहून माणसे रडली; आपल्याकडे प्रभूचे हसे झाले. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उंबरमाळीला खेळ आहे, तिथे पुन्हा तसे नको. तुझ्या वतीने बरीच वादावादी करून मी मधला मार्ग काढला आहे. दृश्य राहील, तू फक्त पाट पुसून चटई काढ आणि ‘हे लग्न नव्हे’ असे निवेदन घाल. पाट तूच घातलास. बायबलच्या वचनात पाट आहे कुठे? हे केले नाहीस तर चित्रे दुसऱ्या कुणाकडे सोपवतील, आणि मला ते थांबवता येणार नाही. तुझा हात देवाने दिलेला आहे गो, पण हट्टही त्यानेच दिला असे समजू नकोस.

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाल आणि भावावर माया ठेव.

तुझा दादा,
हर्षित

मुरबाड, १८ मार्च २०२४

प्रिय दादास,
सलाम वि. वि.

वचनात चटईही नाही. परदेशासाठी याच दृश्यात शिष्यांना मेजखुर्चीवर बसवणे मंजूर करताना तुझ्या समितीने वचन उघडले नव्हते. ते पाड्यावर बायका पाटाला हसल्यावर उघडले. पाट मी विचारपूर्वक घातला आहे. आपल्या भागात पाटावर बसलेल्याचे पाय धुणारा माणूस काळजाचा तुकडा देणार असतो. इतका तयार अर्थ मला कोणत्या चटईवर मिळेल? ‘हे लग्न नव्हे’ हे वाक्य तर मी विनोद म्हणूनही लिहिणार नाही.

काल तुला न विचारता डोळखांबला गेले. पाटासकट, निवेदनाविना, शेवटपर्यंत दाखवले. बायका त्याच जागी हसल्या. मी हसू दिले. प्रभू दगा देणाऱ्या यहूदाचेही पाय धुऊ लागला, तेव्हा जनाबाईंनी शेजारणीला सुनावले की एखादा जावई असाच निघतो, तरी धुवावेच लागतात. क्रुसाच्या दृश्यात मात्र कुणी हसले नाही. मी चादर सोडत होते तेव्हा त्या जवळ आल्या.

“पोरगी नाय गो,” त्या म्हणाल्या, “यानं सोतालाच दिलं.”

मग चादरीचे दुसरे टोक धरून म्हणाल्या की पुढच्या खेपेस त्यांच्या जावयालाही समोर बसवायचे आहे.

उंबरमाळीला हे दृश्य पाटासह जाणार की नाही, एवढेच मला हवे आहे. नाही असेल तर माझे एकही चित्र तिथे जाणार नाही. पाटही नाही, परातही नाही, क्रूसही नाही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. आईकडून निरोपही धाडू नकोस. तिला माझा सलाम सांग. तुझी माया असावी. उत्तर मात्र लेखी असावे.

तुझी,
माधुरी