तळघरातला पहिला जीव

२ मार्च
आजपासून रोज लिहिणार. फक्त माझ्यासाठी. इतिहासाला हवं असेल तर तो मागून घेईल.

विभागप्रमुख मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. तळघरातली माझी गॅसगन महिनाअखेरीस काढायची आणि तिथे स्टाफसाठी जिम करायची, असं ठरतंय म्हणाल्या. बावीस तारखेला कमिटी बसेल; तोवर काही ठोस दाखवलंत तर बघू.

दाखवतो की! अब्जावधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर लघुग्रह आदळले. त्या धक्क्यांतून जीवसृष्टीचा कच्चा माल, म्हणजे अमिनो आम्लं, तयार झाला असणार. तेच मी तळघरात करतोय. बर्फाच्या चकतीत जरा अमोनिया, जरा कार्बन, आणि त्यावर गॅसगनच्या लांब नळीतून, दाबलेल्या वायूच्या जोरावर, सणसणीत छर्रा. (हे मला माहीतच आहे. मेहुण्याला समजावायचा सराव म्हणून लिहिलं.)

संकल्प: रोज एक शॉट.

५ मार्च
शॉट नाही. व्हॅक्यूम पंप गळतोय.

७ मार्च
शॉट नाही. पंप दुरुस्त झाला, पण तो उचलताना माझी पाठ धरली.

९ मार्च, दुपारी
शॉट! छर्रा चकतीला सोडून भिंतीला लागला. वरच्या हॉलमध्ये परीक्षा चालू होती, मुलं बाकांखाली शिरली म्हणे. मॅडमचा फोन आला. मी म्हणालो, पृथ्वीवर तरी सगळे लघुग्रह कुठे नेमके पडले होते? त्यांनी फोन ठेवला.

१२ मार्च
वरच्या मजल्यावर तपासणीचं मशीन सांभाळणारी रसायनवाली आज खाली आली. वयाने लहान, तोंडाने मोठी. कुपी हाताळताना हातमोजे घालाच, म्हणाली. मला हातमोज्यांत घाम येतो आणि बोटांना काही कळत नाही. कुपीचं झाकण बसलं की नाही ते बोटांना कळावं लागतं. शिवाय मी हात धुतो. बहुतेक वेळा.

छर्रा न मारलेल्या बर्फाचं पाणीसुद्धा वेगळ्या कुपीत द्या, तुलनेला लागतं, हेही तिचंच. जिथे काही घडलंच नाही तिथलं काय तपासायचं? पण तिच्या तोंडी कोण लागणार? भरून दिली.

१५ मार्च
मेहुणा जेवायला होता. डोंगर पोखरून उंदीर काढणार बघा भावजी, असं माझ्याच ताटावर बसून म्हणाला. मी त्याला सांगितलं की मोठ्या आघाताने समुद्र उकळतात, होतं-नव्हतं ते मरतं, पण त्याच खड्ड्यात कोमट पाणी साचतं आणि नवं काही सुरू होतं. बायको ताटं उचलता उचलता म्हणाली की या घरात आघात पुष्कळ झाले, नवं काही सुरू झालेलं तिला आठवत नाही.

भीती वाटते. गन गेली तर मी कोण? पहिल्या वर्षाच्या पोरांना दगडांचे तुकडे दाखवणारा म्हातारा. सगळं आयुष्य त्या नळीत घातलंय.
(हा परिच्छेद उद्या खोडायचा.)

१७ मार्च
खोडायला वेळ झाला नाही. शॉट! बरोब्बर मधोमध! काय देखणा खड्डा! चकती स्वतःच्या हाताने काढली, वितळलेलं पाणी कुपीत ओतलं. एक थेंब काठाला चिकटला होता, तो बोटाने निपटून आत घेतला. एक थेंबही वाया जाऊ दिला नाही. याला म्हणतात निष्ठा.

१९ मार्च, सकाळी अकरा
मिळालं!!
अमिनो आम्लं! अलानिन आहे. सेरीन तर वारेमाप, एवढं धक्क्यातून कुणालाच मिळालं नसेल. आणि सगळं डावखुरं! या रेणूंचे डावे आणि उजवे असे दोन प्रकार असतात. नुसत्या धक्क्यातून बनले तर निम्मे-निम्मे निघतात. सगळे डावे फक्त सजीवांत. म्हणजे माझ्या खड्ड्यात कच्चा माल नाही, जीवच दारात येऊन उभा राहिलाय.

रसायनवाली म्हणाली, सर, जरा दमानं घ्या, दुसरी कुपी अजून मशीनला लावायची आहे. मत्सर. दुसरं काय!

संध्याकाळी हिला सांगितलं. तिने हातातलं काम ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. फार दिवसांनी.

२१ मार्च
रसायनवालीचे फोनवर फोन. श्रेयात वाटा हवा असणार. फोन बंद करून ठेवला.

२२ मार्च, सकाळी
हिने शर्टाला कडक इस्त्री करून दिली. निघतो.

२२ मार्च, संध्याकाळी
भाषण उत्तम झालं. मग मॅडमनी विचारलं, छर्रा न मारलेल्या कुपीत काय निघालं? मी म्हणालो, काय निघणार, काही नाही. रसायनवाली खाली बघत हळूच म्हणाली की तेच सगळं निघालं. तेच सेरीन, तेच डावखुरं. किंचित जास्तच.

बाहेर आल्यावर तिने एक स्वच्छ काच पुढे धरली आणि यावर अंगठा टेकवा म्हणाली. मी टेकवला. आधी रुमालाला पुसणार होतो, तर नको म्हणाली.

२३ मार्च
अंगठ्याचं उत्तर आलं. तंतोतंत कुपीतल्यासारखंच. घामात सेरीन भरपूर असतं म्हणे.

म्हणजे कुपीत जीव होता, हे तर खरंच ठरलं! फक्त तो माझा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हिला सांगितलं. हसेल वाटलं होतं. हसली नाही, तेच जास्त लागलं. जेवायला वाढते म्हणाली. मी ताटावर बसून रडलो. हे खोडणार नाही.

२६ मार्च
नवा संकल्प: पहाटे फिरायला जाणे.

२७ मार्च
पाठ.

३१ मार्च
गन निघाली. ट्रेडमिल बाहेर व्हरांड्यात येऊन उभी होतीच. नळी उचलायला चौघे आले, पाचवा मी. नळीला ग्रीस होतं. रसायनवालीने हातमोजे पुढे केले. घातले.

घाम आला नाही. बोटांना सगळं कळत होतं.