कोठ्याला उंबरठा

शेतातून, बाळापूरजवळ
८ डिसेंबर २०२३

ती. अक्कास,
किसनचा शि. सा. न.

तुझे कान गेल्यापासून फोनवर नुसतं ओरडणं होते, म्हणून पुन्हा शाळेतल्यासारखा कागद घेऊन बसलो आहे. अक्षर लागलं नाही तर भाऊजींकडून वाचून घे.

गावातलं आपलं घर गेल्या आठवड्यात उतरवलं. काळ्या मातीने पाया पार उचलला होता; मागच्या भिंतीच्या भेगेतून गल्लीतली माणसं दिसायची. आता इथे शेतातच नवीन बांधायचं ठरवलं. त्याआधी बैलांसाठी कोठा उभा केला, वर टिनं टाकली, आणि त्याच्याच एका टोकाला भिंत घालून दहा बाय बाराची खोली काढली. घर होईस्तोवर आम्ही दोघं तिथेच. भिंतीपलीकडे बैल रवंथ करतात ते उशाशी ऐकू येते. जयवंता म्हणते, शेजार चांगला मिळाला, चुगल्या करत नाही.

तिचा एकच हट्ट आहे, खोलीला उंबरठा पाहिजे. मी नाही म्हटलं. घर झालं की या खोलीत ढेप अन् कडबा ठेवायचा. ढकलगाडी आत जायला दार सपाटच बरं. जुन्या घराचा सागवानी उंबरठा, आजोबांनी धारणीकडून बैलगाडीत आणलेला, पोत्यात गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवला आहे. तो नव्या घरालाच लागेल. देवही पेटीतच आहेत. एकदा बसवलेले देव उठवू नयेत, असं बाबा म्हणत. म्हणून मी रोज पेटीच्या झाकणावरच फूल वाहतो.

जयवंताचं पोट दीड महिन्यापासून दुखते. अकोल्याला तपासण्या केल्या, रिपोर्ट यायचा आहे. आमची वर्षाली अमरावतीला सासरी सुखरूप आहे. तू काळजी करू नको.

आहे ती माया राहू दे.
तुझा किसन

---

अचलपूर
१९ डिसेंबर २०२३

चि. किसनास,
वच्छलाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मी स्वतःच वाचलं. कान गेले, डोळे नाही. तुझा ‘ळ’ अजून तसाच पाय पसरून बसतो. गुरुजींनी हातावर इतक्या छड्या दिल्या त्या वायाच गेल्या.

उंबरठ्याच्या भांडणात मी जयवंताकडून आहे. नवरी होऊन ती त्याच उंबरठ्यावर आली तेव्हा मापाला असा पाय मारला की तांदूळ थेट अंगणात, कोंबड्यांपुढे. आई म्हणाली होती, ही पोरगी घरात येऊन राहिली का घर उचलून नेऊन राहिली. सत्तावीस वर्षांपासून मी तिला त्यावरून चिडवते आहे. तिला म्हणावं, उंबरठा मागतेस तर आधी ते तांदूळ भरून दे.

तू मात्र हसण्यावारी नेऊ नको. बिनउंबरठ्याच्या दारात बाईने हळदकुंकू लावावं कुठे? तू तात्पुरतं तात्पुरतं म्हणतोस, पण जेवणं तर रोजची खरी होतात ना?

रिपोर्टचं लगेच कळव. दीड महिना पोट दुखते अन् मला आता कळते, हे बरं नाही.

सर्वांना सुखी ठेवो तो.
तुझी अक्का

---

शेतातून
१६ जानेवारी २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न.

रिपोर्ट वाईट आला. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. आतड्यातून लिव्हरपर्यंत पसरलं आहे म्हणाले. अकोल्याला येत राहा, दुखणं सुसह्य करू, पण पावसाळा दिसणं कठीण आहे. जयवंताला मी एवढंच सांगितलं की गाठ आहे, औषधाने विरघळेल. एसटीत खिडकीशी बसून तिने संत्रं सोललं आणि एकेक फोड मला देत आली.

अक्का, ती जायचीच असेल तर आपल्या घरातून जाईल, बैलांच्या कोठ्यातून नाही. अक्षय तृतीयेला वास्तुशांत करायचीच, असं मी देवापुढे, म्हणजे त्या पेटीपुढे, बोललो आहे. मुरूम लागेपर्यंत सहा फूट खोदलं. चंद्रभान मिस्त्रीला एक दिवस खाडा करू देत नाही. मी सकाळी जातो तो दिवस बुडेपर्यंत तिथेच. विटा भिजवतो, भिंतीवर पाणी मारतो. कोठ्यापासून शंभर पावलांवर काम आहे. जयवंता दारात बसून पाहत असते.

तिला काही माहीत नाही. लिहिशील ते जपून लिही, पत्र आधी तिच्या हाती पडते.

तुझ्या पायांशी,
किसन

---

शेतातून
२ फेब्रुवारी

ती. अक्कांस,
जयवंताचा सा. नमस्कार.

पोस्टमनजवळून पाकीट मागून घेतलं. यांना ठाऊक नाही.

मला सगळं समजलं आहे. दवाखान्यातल्या बाकावरच्या बायका डॉक्टरच्या आधी सांगतात. यांना वाटते, मला नुसती गाठ माहीत आहे. वाटू द्या. मी नीट जेवले की यांचा चेहरा उजळते, म्हणून दोन घास जास्तीचे गिळते.

घर खिडकीपर्यंत आलं. पण अक्का, ते काही मला पुरत नाही अन् मी त्याला पुरत नाही. हे दिवसभर तिकडे, अन् मी इथून यांची पाठ पाहते. परवा म्हटलं, घडीभर बसा. तर म्हणाले, घर झालं की बसूच. मले घर नाही पाहिजे, अक्का. मले हे बसलेले पाहिजे.

इथे मी पाहुणीसारखी राहते. देव पेटीत, भांडी पोत्यात. कोंबडी सरळ आत येते, कुत्रं येते, धूळ येते. इथून आत माझं, असं कुठे बोट ठेवू? मी मागितलं तर हट्ट होते. तुमचा शब्द हे मोडत नाहीत. खरं कारण सांगू नका, काही खोटं लावून द्या. तुम्हाला येते ते. मापाचे तांदूळ मी सव्वापट भरून देईन.

मनात ठेवा.
जयवंता

---

अचलपूर
९ फेब्रुवारी २०२४

चि. किसन,
आशीर्वाद.

महाशिवरात्रीला मी येते आहे. आठ दिवस राहीन. तुझ्या भाऊजींनी जा म्हटलं नाही, मी विचारलंही नाही.

पण बिनउंबरठ्याच्या दारातून मी माहेरात पाऊल टाकणार नाही. जुना उंबरठा कोठ्याला बसव. लांब होत असेल तर काप. नव्या घराला चंद्रभान सिमेंटचा करेल. देवही बाहेर काढ. पेटीला नमस्कार करायची मला सवय नाही. आणि मी येईन तेव्हा मला माझा भाऊ घरात बसलेला दिसला पाहिजे. भिंतीला कोणीही पाणी मारते.

मोठी बहीण आहे म्हणून सांगते, विनंती करत नाही.
अक्का

---

शेतातून
२३ जून २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न.

तेरावं आटोपून तू गेलीस, त्यानंतर आज लिहितो आहे. बैल बरे आहेत. मी जेवतो.

काही गोष्टी तू होतीस तेव्हा बोलता आल्या नाहीत. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी उंबरठा नुसता उघडून पाहत होतो. तो सव्वाचार फुटांचा, खोलीचं दार तीन फुटांचं. चंद्रभान म्हणाला, भाऊ, कापलेलं लाकूड वाढत नसते, इचार करा. मग करवत मीच चालवली. इतक्या वर्षांचं लाकूड, पण आत अजून सागाचा वास होता.

जयवंता त्या दिवशी वर्षालीसोबत अकोल्याला गेली होती. परत आल्यावर गाडीतून तिला उचलून आत न्यायला गेलो, तर तिने हाताने थांबवलं. भिंत धरून उंबरठ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उजवा पाय हळूच पलीकडे ठेवला अन् म्हणाली, अक्काले सांगा, या खेपेले तांदूळ नाही सांडले.

उरलेल्या तुकड्याचा देवांना पाट केला. त्यानंतर मी बांधकामावर गेलो नाही. चंद्रभान दोनदा बोलवायला येऊन गेला. उंबरठ्यावर बसू नये म्हणून ती आत बसायची, मी बाहेर, अन् मधे तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप. तू आलीस तेव्हा तसेच होतो, तू गेल्यावरही तसेच. चैत्रात तिला बाहेर आणलं तेव्हा खांदेकऱ्यांना कोणीतरी म्हणालं, जपून, उंबरठा आहे. ते शब्द मला अजून ऐकू येतात.

परवा पोस्टमन बोलता बोलता म्हणाला, वहिनींनी पौषात माझ्याजवळून पाकीट घेतलं होतं. म्हणजे ते तुझ्याकडेच आलं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली. तिने काय लिहिलं ते सांगू नको. कागद तेवढा जपून ठेव.

वर्षाली फोनवर विचारते, बाबा, घर कधी पुरं करता. तिला म्हटलं, मी घरातच आहे. पावसाआधी कडबा हलवायचा होता, तो तिकडच्या अर्ध्या भिंतींत रचून वरून टिनं टाकली. तिथे दाराला उंबरठा नाही. ढकलगाडी सरळ आत जाते.

जमेल तेव्हा ये.
किसन