समोरच्या दाराची किल्ली

४ मे

प्रिय रेडिओबाई,
सप्रेम नमस्कार.

"फ्रिजचं दार उघडं ठेव गं, फडकं अडकवून! नाहीतर वास मारतो!" असं तू जिन्यातून ओरडायचीस, आणि आतून हे म्हणायचे, "लागला रेडिओ." सुट्टीला निघायची सकाळ. मी बंद केलेला गॅस पुन्हा बघून येत होते. हे प्रत्येक खिडकीची कडी ओढून बघत होते. सुतार माणूस, कडी नीट बसली नाही तर तिथेच हत्यारं काढून बसायचे. बस चुकणार म्हणून मी कावलेली. तेवढ्यात तू ओल्या हातांनी आलीस आणि किल्ली माझ्या हातातून ओढून घेतलीस. "निघा आता. घर काय पळून जातंय?"

आज तीच सगळी कामं एकटीने केली, म्हणून आठवलं. धाकटी बहीण मला आठवडाभर समुद्रावर घेऊन चालली आहे. नाही म्हणून पाहिलं. तर म्हणाली, "तू आली नाहीस तर मी तुझ्याकडे सुट्टीला येईन, मग बघ." घाबरून हो म्हटलं.

तू बरी आहेस ना? गुडघा कसा आहे? जिन्यात तुझं पाऊल वाजतं त्यावरून डावा अजून दुखत असावा. समोरासमोर दारं असताना ही बया पत्र काय लिहिते, म्हणशील. पण तोंडाने बोलायला गेले की मी वाकडंच बोलते. लिहिताना निदान खोडता येतं. माझी शाळा लहानपणीच सुटली. वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून. त्या कागदांवर गोष्टीचा शेवट कधी सापडायचा नाही. म्हणून की काय, मलाही शेवटाकडे यायला वेळ लागतो.

तर, दूध बंद केलं, पेपर बंद केला. कुंड्या बाथरूममध्ये बादलीभोवती ठेवल्या. बहीण म्हणते, किल्ली वॉचमनला दे. वॉचमन भला आहे, पण तो झाडांना पाणी घालतो की आंघोळ घालतो, ते तुला ठाऊक आहे.

सगळ्यात शेवटी पलंगावर धुतलेली चादर घातली, आणि घालताना हात थांबले. इथे कोणी झोपणार नाही, मग चादर कशाला? दमून परत आल्यावर नुसतं आडवं होता यावं म्हणून. हे मी तुझ्याकडूनच शिकले. आम्ही सुट्टीहून परतायचो तेव्हा घर झाडलेलं, चादर बदललेली, मागे राहिलेले कपडे धुऊन वाळत घातलेले, दूध तापवलेलं. दर वर्षी.

त्या दिवशी हॉस्पिटलमधून मी एकटीच परतले, तेव्हाही घर तसंच होतं. चादर बदललेली. त्यांचा अर्धा राहिलेला चहाचा कप विसळून पालथा घातलेला. खुंटीवरचा कामाचा शर्ट दोरीवर निथळत होता. लाकडाच्या भुशाचा वास येणारी घरात तेवढीच एक वस्तू उरली होती.

"कोणी सांगितलं होतं तुला?" मी म्हणाले. "माणूस गेला, तर तू त्याला घरातून पुसूनही टाकलंस?"

तुझ्या मनगटाला साबणाचा फेस होता.

तू रागावून बोलणं सोडलंस, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आले. खरं तसं नाही. काही दिवसांनी तू आली होतीस. बेल वाजवलीस, मी उघडलं नाही. मला काही झालं की काय, असं तुला वाटलं असेल. तू तुझ्याकडची किल्ली लावलीस. ती फिरेना. काढलीस, पुन्हा लावलीस. मी दाराच्या आत उभी होते. हात पुढे केला असता तरी उघडलं असतं. "बिघडलं वाटतं," असं स्वतःशीच म्हणालीस आणि चपला ओढत गेलीस. तेव्हापासून तुझ्या घरातून ते भांडी घासतानाचं गाणं ऐकू येत नाही.

बिघडलं नव्हतं. तुझी किल्ली लागू नये म्हणून मी कुलूपवाल्याला बोलावून लॅच बदलून घेतलं होतं. ह्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं लॅच.

शर्टाचा वास महिन्याभरात तसाही उडाला असता. तुझं गाणं मात्र राहिलं असतं.

नवी किल्ली या पाकिटात घालते आहे. नाही आलीस तरी मी काही म्हणणार नाही. कुंड्या वाळल्या तर वाळू देत.

तुझीच,
समोरच्या दारामागे उभी राहिलेली

५ मे, सकाळ

ता.क. काल लिहिलं तशी किल्ली पाकिटात नाही, शोधत बसू नकोस. तुझ्याकडची तू फेकून दिली नसशील, असं धरून चालले आहे. नवी किल्ली तुझ्या हाती देणं म्हणजे तू नव्याने आल्यासारखं झालं असतं, ते मला पटेना. ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत जुनं लॅच होतं. त्याला तेल दिलं. भोकं तीच होती. एक स्क्रू तिरका गेला आहे, ह्यांनी काढायला लावला असता. मी नवं काढलं आणि जुनं परत बसवलं.