माळकऱ्याच्या घरी माशाचा वास

ती. यशोदा आत्यास, साधनाचा खाली वाकून नमस्कार.

आमी समदे बरे हावोत, मेंढरं बरी हायेत, तुझा गुडघा कसा हाय ते कळव. तू म्हणशील फोन काहून केला न्हाई. आपल्या घरात फोन लागला की बाबा स्पीकर चालू करतो, अन् जे सांगायचं हाय ते मेंढरासमोर बोलायची बी मला लाज वाटते. म्हणून वहीचं पान फाडलं. (आठवीतून शाळा सुटली तवाची कोरी पानं आज कामाला आली.) वाचून झालं की चुलीत घाल.

मिनाताईसाठी साखरा गावचं स्थळ तूच आणलंस. पोराचा बाप उकंडराव, आपल्या बाबापेक्षा जाड तुळशीची माळ. पोरगा संतोष मिनाताईला बी पसंत हाय. तिनं त्याचा नंबर ‘सिलेंडर’ नावानं ठेवला. आपल्याकडं सिलेंडर एवढ्या वेळा फोन करून राहिला की बाबा म्हणला, ग्यासवाले आता लई सुधरले.

तर पाहुणे आले, सतरंजीवर दोन रांगा करून बसले, मी पोहे दिले. तेवढ्यात आपला मेंढराचा कुत्रा जमादार आत आला, मधोमध बूड टेकवलं, मागचे पाय वर केले अन् पुढच्या दोन पायावर घासत घासत दोन्ही रांगांच्या मधून पार देवघरापर्यंत गेला. एकेका पाहुण्याच्या तोंडाकडं बघत गेला, जसं काही हजेरी घेऊन राहिला. अन् त्याच्या मागं वास सुटला. सडक्या माशाचा, आत्ये. उकंडरावानं पोह्याचा घास खाली ठेवला अन् डोळे मिटून नाक वर केलं. बाबानं मायकडं बघितलं, मायनं माझ्याकडं, मी पोह्याकडं. पाहुणे कळवतो म्हणून गेले ते महिना झाला.

दुसऱ्या दिवशी भजनात पुंजाजी, तो पखवाजवाला, बाबाला म्हणतो, “काय लिंबाजी, माळ काढून खातो का माळेसकट?” बाबानं घरी येऊन समदी भांडी हुंगली. मग त्याला तू आठवलीस. तू धरणाच्या काठी राहते, तुमच्यात मासे चालतात, अन् मी दिवाळीला तुझ्याकडं सिद्धेश्वरला येऊन गेलेली. म्हणला, तिनंच डब्यात घालून दिले अन् पोरीनं खाल्ले. म्हणून तो तुझा फोन उचलत न्हाई. मला कळलं होतं की वास जमादारचा हाय, पण कुठून हाय ते बाबाला कोणत्या तोंडानं सांगू?

मी गुपचूप त्याला जनावराच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरणा. काय तकलीफ हाय विचारलं, मी म्हणले पोट. त्यानं जंताची गोळी दिली. जंत होते का न्हाई देव जाणे, घासणं काही थांबलं न्हाई. दुसऱ्या खेपेला धीर करून जरा मागं सरकले, म्हणले शेपटी. त्यानं शेपटीला मलम लावून पट्टी बांधली. जमादार पट्टी मिरवत मेंढरात गेला अन् तिथं बी घासला.

तिसऱ्या खेपेला बाबाच सोबत आला, कारण जमादार मेंढरं सोडून दिवसभर बूड चाटत राहिला अन् हात लावला की गुरगुरायला लागला. बाबासमोर तर मला पोट सुदीक म्हणता येईना. मी चिठ्ठी लिहून दिली, ‘ज्या जागेची लाज वाटते ती जागा.’ डॉक्टरनं ती मोठ्यानं वाचली. बाहेर शेळ्या घेऊन दहा माणसं बसलेली.

पण मग त्यानं बराबर सांगितलं. कुत्र्याच्या त्या जागेच्या दोन्ही बाजूला आत एकेक बारकी पिशवी असते. (भिंतीवरचं घड्याळ दाखवून म्हणला, चार अन् आठ. आता चार वाजले की मी मान खाली घालते.) शी घट्ट असली तर जाता जाता पिशव्या दाबून रिकाम्या होतात. पातळ असली की तुंबतात, मग कुत्रा घासतो, चाटतो, माशासारखा वास येतो. घरी आपल्या हातानं दाबायचं न्हाई, सूज, रक्त, पू दिसला तर थांबायचं न्हाई, लगेच आणायचं. खायला उकडलेला लाल भोपळा थोडा थोडा घाला म्हणला, शिळंपाकं अन् तेलकट बंद. मग हातमोजा घातला अन् दाबलं. बाबा वाकून बघत होता. पिचकारी सरळ त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

बाबानं सदरा नाकाला लावला अन् म्हणला, “हाच तो.”

आता जमादार भोपळा खाऊन राहिला अन् पाहुण्यासारखा नीट बसून राहिला. बाबाला तुझ्याशी बोलायला तोंड न्हाई, पण मनातून वरमलाय. मिनाताईचा सिलेंडर मात्र बंद पडलाय, ती जेवत न्हाई. तवा आत्ये, तू साखऱ्याला जाऊन उकंडरावला खरं सांग की वास कुत्र्याचा होता, आमचा बाबा पक्का माळकरी हाय. ती जागा तू नाव घेऊन सांगू शकतेस, तुला कोणाची लाज न्हाई.

तुझी भाची,
साधना

ता.क. चिठ्ठी बंद करायच्या आधी उकंडरावाचा फोन आला. बाबा मेंढराकडं, म्हणून मीच उचलला. ते हळू आवाजात म्हणले, पोरी, त्या दिवशी मासा कोणता होता? घरची माणसं वीस वर्षं झाली वासबी घेऊ देत न्हाईत. असे सोयरे मिळाले तर अजून काय पाहिजे, पोरगी पसंत हाय, आयतवारी येतो. मला न्हाई म्हणता येईना. मी म्हणले, मरळ. तवा वर लिहिलं त्यातलं साखऱ्यात काही सांगू नको.

ता.क. दुसरं. शनवारी दोन मरळ पाठव, ज्वारीच्या पिठात खाली दाबून. बाबाला वास आला तर मी जमादारचं नाव सांगीन.