रिकाम्या पिंजऱ्याची हाक

माय, गढीच्या दरवाजाला आता कायमचं कुलूप आहे. आतलं प्राणिसंग्रहालय बंद झालं, बिबट्याला नागपूरकडे नेलं. बुरुजाखालच्या ज्या खोलीत तू जनावरांसाठी मांसाचे वाटे करायचीस, तिथे वटवाघळं राहतात. तू म्हणाली असतीस, 'राहू दे, त्यायलेबी घर पाह्यजे.'

मला अजून दिसतं: तडसाची म्हातारी मादी मेली, तरी तू बादली घेऊन निघालीस की आधी तिच्याच रिकाम्या पिंजऱ्यापाशी थांबतेस. वाटा आत सरकवतेस. 'ये बाई, जेवून घे.' मला जेवायला बोलावतेस, अगदी त्याच सुरात. मी तेव्हा कॉलेजात, मला लाज वाटते. 'मेलेल्या जनावराले काऊन बोलावून राह्यली? लोकं हसतात तुले.' 'हसू दे. तिले हाक गेली की बिबट्याले समजते, आता आपली पाळी. तो आतल्या खोलीत जेवाले गेला नाई, तर त्याच्या पिंजऱ्यात झाडू कोण मारन? तू?' तुझ्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही.

तू गेल्यावर तुझ्या जागी मी लागले. असली थेरं करायची नाहीत असं ठरवलं होतं. पण बिबट्या आत येईना. मांस सडायचं, त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. मरेल की काय, या धास्तीने शेवटी मी रिकाम्या पिंजऱ्यात वाटा सरकवला आणि तुझ्या सुरात हाक मारली. बिबट्या उठला. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. माझ्या पाठीमागच्या त्या पिंजऱ्याकडे बघत बघत तो आत गेला, आणि माझ्या मागे, त्या रिकाम्या पिंजऱ्यात, हाड फोडल्याचा आवाज झाला. मी वळले नाही. पुढे सगळी वर्षं रोज वाटा ठेवला, पण त्या पिंजऱ्यात कधी डोकावले नाही. सकाळी तो स्वच्छ असायचा. कुत्री नेत असतील, असं मी सगळ्यांना सांगायचे.

काल आंजीहून परतताना दिवेलागणीला गढीच्या भिंतीजवळून चालले होते. आतून हाक आली. 'ये बाई, जेवून घे.' तुझाच आवाज, शेवट जरा लांबवलेला. आत कोणी नाही, जनावर नाही, माणूस नाही. आणि त्या पहिल्या हाकेनंतर दुसऱ्याची पाळी येते, हे तूच शिकवलंस.

हे पत्र दरवाजाच्या फटीतून आत टाकायला आणलं होतं; या शेवटच्या ओळी इथेच उभी राहून लिहिते आहे. पलीकडून कोण उचलेल या भीतीने टाकलं नाही, परत नेते आहे. पण एक सांगते, माय. तू गेल्यापासून मला असं जेवायला कोणी बोलावलेलं नाही. काल मी भिंतीला हात लावून उभी राहिले आणि हळूच म्हणाले, 'आली वो माय.'